यंत्र बंद पाडण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?

तुमच्या खिशातला फोन अँड्रॉइडचा असेल तर त्याच्या तळाशी लिनक्सचा कर्नेल चालतो आहे. घरातला वायफायचा राउटर, बहुतेक स्मार्ट टीव्ही, इंटरनेटचे बहुसंख्य सर्व्हर आणि जगातल्या सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांपैकी झाडून सगळे, या साऱ्यांच्या पोटात तोच आहे. कर्नेल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. मेमरी कोणाला किती द्यायची, डिस्कवर काय लिहायचे, कोणत्या प्रोग्रॅमला प्रोसेसर कधी मिळणार, हे तो ठरवतो. एखादे ॲप बंद पडले तर आपण ते पुन्हा उघडतो. कर्नेल बंद पडला तर सगळेच बंद पडते.

मी पुण्यात ड्रायव्हर लिहिण्याचे काम करतो. ड्रायव्हर म्हणजे कर्नेलच्या आत बसून एखाद्या चिपशी बोलणारा कोड. आमच्या या वर्तुळात एक मत फार प्रतिष्ठेचे मानले जाते. काहीही अनपेक्षित दिसले की यंत्र ताबडतोब बंद पाडा, हीच खरी शिस्त, असे ते मत. माझ्या मते ही शिस्त नाही, हा आळस आहे. आणि त्याची किंमत कोड लिहिणारा मोजत नाही, यंत्र वापरणारा मोजतो. संगणकाशी ज्यांचा संबंध फक्त फोनपुरता आहे त्या वाचकांनीही हा लेख मधेच सोडू नये अशी विनंती आहे, कारण बंद पडणारे यंत्र त्यांचेच आहे.

आधी मुद्दा नीट समजून घेऊ. लिनक्सच्या कोडमध्ये 'बग-ऑन' नावाची एक ओळ लिहिता येते. तिचा अर्थ असा: अमुक अट खरी ठरली तर पुढे जाऊ नकोस, इथेच मर. इंटेल आणि एएमडीच्या प्रोसेसरवर ही ओळ मुद्दाम एक अवैध सूचना चालवते. प्रोसेसर हरकत घेतो, कर्नेल फाइलचे नाव आणि ओळीचा क्रमांक छापतो, आणि त्या क्षणी चालू असलेली प्रोसेस मारून टाकतो. तोच कोड इंटरप्टमध्ये चालत असेल, म्हणजे हार्डवेअरने मधेच हाक मारल्यामुळे धावत आलेला असेल, तर मारायला वेगळी प्रोसेस नसते. मग संपूर्ण यंत्र 'पॅनिक' होते, म्हणजे थांबते.

ऐकायला हे स्वच्छ वाटते. प्रत्यक्षात काय होते ते पाहा. मारल्या गेलेल्या प्रोसेसच्या हातात बऱ्याचदा एखादे लॉक असते. एका वेळी एकानेच हात लावावा अशा गोष्टीची ती किल्ली समजा. किल्ली घेतलेला माणूस मेला आणि किल्ली त्याच्याबरोबर गेली. ते लॉक फाइलसिस्टीमचे असेल तर डिस्कवर लिहायला येणारी प्रत्येक प्रोसेस त्या बंद दारापुढे रांग लावून उभी राहते. एकेक करून सगळे गोठते. ज्या चुकीची नोंद व्हावी म्हणून हा सगळा खटाटोप केला, ती नोंद डिस्कवर पोचतच नाही, कारण डिस्कचाच रस्ता अडलेला असतो. वापरणाऱ्याला दिसतो फक्त थिजलेला पडदा. तो बटण दाबून यंत्र बंद करतो, पुन्हा चालू करतो, आणि पुरावा नाहीसा होतो. चोर पकडायला म्हणून घर पेटवले, आणि चोराच्या पावलांचे ठसेही त्यातच जळाले.

एखाद्या फ्लॅटमधला गीझर शॉर्ट झाला तर त्या फ्लॅटचा एमसीबी पडावा. त्यासाठी अख्ख्या इमारतीचा मेन स्विच ओढणाऱ्या वायरमनला आपण काटेकोर म्हणत नाही, अडाणी म्हणतो. कर्नेलमध्ये मात्र तोच माणूस 'कडक इंजिनिअर' म्हणून मिरवतो.

ही सवय आली कुठून? १९६०च्या दशकात मल्टिक्स नावाची एक मोठी ऑपरेटिंग सिस्टीम बांधली जात होती. तिच्यावर काम केलेले टॉम व्हॅन व्लेक यांनी एक आठवण सांगितली आहे. मल्टिक्समधला निम्मा कोड आम्ही चुकांतून सावरण्यासाठी लिहीत होतो, असे त्यांनी युनिक्सचे एक जनक डेनिस रिची यांना सांगितले. त्यावर रिची म्हणाले की आम्ही ते सगळे वगळले. आमच्याकडे पॅनिक नावाचे एक रूटीन आहे, ते चालले की यंत्र पडते आणि आम्ही व्हरांड्यात ओरडून सांगतो, रिबूट करा.

हा किस्सा आमच्याकडे कौतुकाने सांगितला जातो. साधेपणा कसा जिंकला, याचे उदाहरण म्हणून. पण त्यातला व्हरांडा कोणी पाहत नाही. ज्याने कोड लिहिला तो, आणि ज्याचे काम अडले तो, हे दोघे एकाच इमारतीत होते. हाक मारली की ऐकू जात होती. आज तो व्हरांडा उरलेला नाही. मिरकरवाड्यातून समुद्रात गेलेल्या ट्रॉलरवर ज्याचा फोन आहे त्याने कोणाला हाक मारायची? गडचिरोलीतल्या पाड्यावर नोंदी भरणाऱ्या आशाताईंनी? गिऱ्हाईक समोर उभे असताना 'पैसे आले का' म्हणून फोनकडे बघणाऱ्या भाजीवाल्या मावशींनी? यांच्या फोनमध्ये रिचींच्या सवयीचे वंशज बसले आहेत, रिचींचा व्हरांडा नाही.

या वादात लिनस टॉरवाल्ड्स यांची भूमिका मला पूर्ण मान्य आहे. त्यांची त्या काळातली भाषा नाही. ऑक्टोबर २०१६मध्ये लिनक्सची ४.८ ही आवृत्ती निघाली आणि शेवटच्या घाईत तिच्यात एक बग-ऑन शिरल्याचे लक्षात आले. टॉरवाल्ड्स भडकले. जाणूनबुजून कर्नेल मारायला कोणतीही सबब चालणार नाही, असे त्यांनी सर्वांदेखत सुनावले. आज कर्नेलच्या लेखनशैलीच्या अधिकृत नियमांत हीच गोष्ट शांत शब्दांत लिहिलेली आहे: कर्नेल पाडायचा की नाही हा निर्णय साधारणतः वापरणाऱ्याचा आहे, कोड लिहिणाऱ्याचा नाही. बग-ऑन टाळा, त्याऐवजी 'वॉर्न-ऑन-वन्स' वापरा, आणि त्यानंतर सावरण्याचा कोडही लिहा.

वॉर्न म्हणजे इशारा. तो उडाला की कर्नेल सविस्तर नोंद छापतो: कोणत्या फाइलमध्ये, कोणत्या ओळीवर, कोणी कोणाला बोलावत इथपर्यंत आले, प्रोसेसरच्या रजिस्टरमध्ये काय होते. शिवाय तो स्वतःवर एक डाग लावून घेतो. या खुणेला कर्नेलच्या भाषेत 'टेंट' म्हणतात. पुढे दुसरी काही गडबड झाली तर तिच्या नोंदीवर हा डाग दिसतो, म्हणजे तपासणाऱ्याला कळते की आधीच काहीतरी बिनसले होते. 'वन्स' यासाठी की एका जागेचा इशारा एकदाच छापला जावा. नाहीतर तोच मजकूर सेकंदाला हजार वेळा छापून लॉग भरून जायचा. आणि यंत्र चालू राहते. त्यामुळे नोंद डिस्कवर पोचते, आणि जो दुरुस्त करू शकतो त्याच्या हातात पुरावा पडतो.

आता विरुद्ध बाजूचा सर्वांत मजबूत मुद्दा घेऊ. तो असा: कर्नेलमध्ये जी गोष्ट कधीच घडू नये ती घडली, याचा अर्थ मेमरी बिघडली आहे किंवा कोणीतरी हल्ला करतो आहे. अशा स्थितीत यंत्र चालू ठेवले तर चुकीचा डेटा डिस्कवर लिहिला जाईल, किंवा हल्लेखोराला दार उघडे मिळेल. बंद पडलेले यंत्र वाईट. खोटे बोलणारे यंत्र त्याहून वाईट.

हा मुद्दा पोकळ नाही. एक उदाहरण मी स्वतःच पुढे ठेवतो. कर्नेलमध्ये घातक चूक झाली की तो प्रोसेस मारतो आणि पुढे चालतो, याला 'ऊप्स' म्हणतात. दर ऊप्सला एखादी मोजणी अर्धवट राहू शकते, म्हणजे कोणीतरी वस्तू घेतल्याची नोंद होते आणि परत केल्याची होत नाही. हल्लेखोराने मुद्दाम असंख्य वेळा ऊप्स घडवला तर ३२ बिटांचा मोजणीचा आकडा फिरून शून्यावर येऊ शकतो, आणि वापरात असलेली मेमरी कर्नेल मोकळी समजून बसतो. सुरक्षेवर काम करणारे जान हॉर्न यांनी हा धोका मांडला, आणि ६.२ या आवृत्तीपासून ऊप्सवर मर्यादा आली. १०,००० ऊप्स झाले की यंत्र पॅनिक होते.

पण हा उपाय कसा केला आहे ते नीट पाहा. पहिल्या ठेचेला यंत्र पाडलेले नाही. मर्यादा ठेवली आणि ती बदलण्याची मुभा यंत्राच्या मालकाला दिली. इशाऱ्यांसाठीही तशीच मर्यादा आहे. ती मुळात बंद असते, ज्याला हवी तो लावून घेतो. 'पॅनिक-ऑन-वॉर्न' नावाचा पर्यायही आहे. तो चालू केला की एका इशाऱ्यावर यंत्र थांबते. ज्याच्याकडे हजारो सर्व्हर आहेत, एक पडला तर दुसरा काम उचलतो, त्याने तो जरूर चालू करावा. कर्नेलमध्ये सतत उलटसुलट सूचना मारून चुका शोधणारा सिझबॉट याच पर्यायाचा फायदा घेतो, आणि ते योग्यच आहे. ज्याच्याकडे एकच यंत्र आहे त्याने तो चालू करू नये. दोघांचेही बरोबर आहे. चूक त्याची, जो बग-ऑन लिहून दोघांच्याही वतीने निर्णय घेऊन मोकळा होतो.

डेटा बिघडण्याच्या भीतीवर तर लिनक्समध्येच जुने आणि शहाणे उत्तर आहे. एक्स्ट-फोर ही फाइलसिस्टीम घ्या. डिस्कवरच्या रचनेत गडबड आढळली तर काय करायचे, यासाठी तिच्यात तीन पर्याय आहेत: चालू ठेवा, फक्त वाचण्यापुरती उघडी ठेवा, किंवा पॅनिक करा. मधला पर्याय मला फार आवडतो. लिहिणे तत्काळ बंद, म्हणजे बिघाड वाढणार नाही. वाचणे चालू, म्हणजे माणसाला आपली कागदपत्रे बाहेर काढता येतील. यंत्र खोटेही बोलत नाही आणि जीवही देत नाही. अशा रीतीने नुकसान जिथल्या तिथे अडवणे हे काम अवघड आहे. बग-ऑन एका ओळीत होतो. खरे कारण तेच आहे, सुरक्षा हे नंतर सुचलेले समर्थन आहे.

सुरक्षेच्या सुधारणाही या मार्गाने करता येतात, हे सिद्ध झालेले आहे. कर्नेल आणि प्रोग्रॅम यांच्यात मेमरीची नक्कल करताना कडक तपासणी असावी, असा प्रस्ताव केस कुक यांनी २०१७च्या अखेरीस आणला तेव्हा टॉरवाल्ड्स यांच्याशी त्यांचा मोठा खटका उडाला. शेवटी ठरले ते असे: नियम मोडला गेला तर आधी इशारा द्यायचा, काम होऊ द्यायचे, लोकांच्या यंत्रांवर कुठे कुठे तो उडतो ते बघून दुरुस्त्या करायच्या, आणि मग बंदी कायम करायची. तपासणी आली, आणि तिच्यापायी लोकांची चालती यंत्रे पाडावी लागली नाहीत.

इथपर्यंत वाचून कोणाला वाटेल की मी बेफिकिरीची वकिली करतो आहे. उलट माझी दुसरी तक्रार बेफिकिरीबद्दलच आहे. बग-ऑनवाले यंत्र पाडतात, तर दुसरे लोक इशाऱ्याची किंमतच संपवतात.

इशारा फक्त त्या गोष्टीसाठी आहे जी आपल्या समजुतीप्रमाणे घडणे अशक्य आहे. वापरणाऱ्याने चुकीचा आकडा दिला, केबल निघाली, मेमरी अपुरी पडली, या गोष्टी अशक्य नाहीत. या रोजच्या आहेत. त्यासाठी त्रुटीचा क्रमांक परत करायचा, फार तर लॉगमध्ये साधी एक ओळ लिहायची. कोणत्याही साध्या प्रोग्रॅमला उडवता येईल असा वॉर्न लिहिणे म्हणजे पॅनिक-ऑन-वॉर्न चालू असलेल्या सर्व यंत्रांची किल्ली रस्त्यावर ठेवणे. फेब्रुवारी २०२४पासून कर्नेलची मंडळी आपल्या त्रुटींना स्वतःच सीव्हीई क्रमांक देतात, आणि अशा उडवता येणाऱ्या इशाऱ्यांनाही तो क्रमांक मिळतो.

इशाऱ्यांचा सुकाळ झाला की माणसे वाचणे सोडतात. कर्नेलच्या बाहेरचे, पण विसरू नये असे उदाहरण म्हणजे थेरॅक-२५ हे कर्करोगावरच्या उपचाराचे यंत्र. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात त्याने सहा रुग्णांना प्रचंड जास्त किरणोत्सार दिला. यंत्र पडद्यावर 'मालफंक्शन' आणि एक क्रमांक दाखवत असे. असे संदेश इतके नित्याचे झाले होते की चालकांना पुढे जाण्याची कळ दाबायची सवयच लागली होती. इशारा होता, पण तो काय सांगतो हे कोणाला कळत नव्हते. अशा इशाऱ्याने फक्त कागदावरची जबाबदारी पार पडते.

आणि तिसरा प्रकार मी जवळून पाहिला आहे. एका ठिकाणी आमच्या ड्रायव्हरमध्ये एक इशारा उडत असे. चिपला थांबायला सांगितल्यावरही ती ठरलेल्या वेळेत थांबत नव्हती, म्हणजे परत घेतलेल्या मेमरीत ती लिहीत राहण्याची शक्यता होती. रिलीज तोंडावर आला होता. मला सांगण्यात आले, "भाई, ग्राहकाला लॉग स्वच्छ हवाय. ती वॉर्निंग काढून टाक ना, बाकी सगळं चालतंय." मी सांगितले की इशारा काढल्याने चिप थांबणार नाही. चर्चा बरीच झाली. शेवटी ती ओळ दुसऱ्या कोणाकडून तरी काढून घेतली गेली, आणि लॉग स्वच्छ झाला. ताप मोजणारा थर्मामीटर फोडून ताप उतरवण्याचाच हा प्रकार. अशा खोलीत बसलेला कोणीही माणूस दुष्ट नव्हता. सगळ्यांना फक्त एक शब्द दिसायला नको होता.

मग करायचे काय? जे सर्वांत कंटाळवाणे आहे ते. चूक झाली तर मागे कसे यायचे, ते लिहायचे. कर्नेलमध्ये पाच गोष्टी मिळवून मग एक काम करायचे असते: मेमरी, लॉक, इंटरप्ट, घड्याळ, बफर. चौथी मिळाली नाही तर आधीच्या तीन उलट्या क्रमाने परत करायच्या आणि वरच्याला प्रामाणिकपणे सांगायचे की झाले नाही, आणि का झाले नाही. या परतीच्या वाटेवर कोणी टाळ्या वाजवत नाही. ती रोज चालवलीही जात नाही, म्हणून तिच्यातच चुका साठतात. तिची परीक्षा घेण्याची सोयही कर्नेलमध्ये आहे: मेमरी मागितली की मुद्दाम अधूनमधून नकार द्यायचा आणि ड्रायव्हर कसा वागतो ते बघायचे. रस्ट भाषा लिनक्समध्ये आणण्याची चर्चा सुरू झाली तेव्हाही, २०२१मध्ये, टॉरवाल्ड्स यांचा एक ठाम आक्षेप हाच होता की मेमरी मिळाली नाही म्हणून पॅनिक होणारा कोड इथे चालणार नाही. २०२२च्या डिसेंबरात ६.१ या आवृत्तीत रस्ट आली ती ही अट मान्य करून.

परतीची वाट सोडाच, साधी तपासणीही नसली की काय होते, हे १९ जुलै २०२४ रोजी जगाने पाहिले. यंत्रे विंडोजची होती, पण धडा तोच. क्राउडस्ट्राइक या कंपनीचा सुरक्षेचा ड्रायव्हर विंडोजच्या कर्नेलमध्ये चालतो. त्या दिवशी आलेल्या एका फाइलमुळे त्याने २१वा रकाना वाचायचा प्रयत्न केला, हाती २०च होते. तो आपल्या हद्दीबाहेरची मेमरी वाचायला गेला आणि विंडोजने निळा पडदा दाखवून यंत्र थांबवले. ड्रायव्हर यंत्र सुरू होतानाच चालत असल्याने ते पुन्हा पुन्हा पडत राहिले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे अशी ८५ लाख यंत्रे होती. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. सदोष फाइल दीड तासाच्या आत मागे घेतली होती, पण पडलेल्या यंत्रांपैकी बहुतेकांजवळ माणसाला जाऊन बसावे लागले, सेफ मोडमध्ये ती फाइल हाताने पुसावी लागली. रकाने किती आहेत ते आधी मोजायचे, कमी असतील तर फाइल नाकारायची, नोंद करायची आणि जुन्या फाइलवर काम चालू ठेवायचे, एवढा कोड तिथे हवा होता.

माझे म्हणणे थोडक्यात असे. यंत्र तुमचे नाही. ते कोणाच्या हातात आहे, त्या क्षणी तो काय करतो आहे, त्याच्याकडे दुसरे यंत्र आहे की नाही, यातले काहीही कोड लिहिणाऱ्याला माहीत नसते. ज्याला माहीत नाही त्याने निर्णय घेऊ नये. त्याने तीन गोष्टी कराव्यात: चूक झाली तर नुकसान जिथल्या तिथे अडवावे, जे घडले त्याची खरी साक्ष द्यावी, आणि थांबायचे की चालायचे हे यंत्राच्या मालकावर सोपवावे. यापुढे माझ्यासमोर कोणाचा पॅच तपासायला आला आणि त्यात बग-ऑन दिसला, तर मी एकच प्रश्न विचारणार आहे: इथे परत कसे यायचे हे तुला खरोखर शक्य नव्हते, की तुला ते लिहायचे नव्हते? पहिले उत्तर असेल तर ते दाखवून द्यावे. दुसरे असेल तर पॅच परत.